रात्र मोजणारी पानं

फुलशेतीच्या पट्ट्यात मध्यरात्री एखादं शेवंतीचं पॉलिहाऊस दिव्यांनी उजळलेलं दिसतं. दिवसभर ऊन प्यालेल्या रोपांना पुन्हा उजेड कशाला? एवढ्या मंद प्रकाशात अन्न फारसं तयार होत नाही. दिवे लावतात ते रोपाची रात्र मोडायला! शेवंतीला सलग, लांब रात्र मिळू लागली की ती कळी धरते. शेतकऱ्याला मात्र आधी दांडा उंच हवा असतो. म्हणून रात्रीचे दोन तुकडे करून तो फुलोरा थोपवून धरतो. दांडे पुरेसे वाढले की दिवे बंद.

म्हणजे रोप काळोख मोजतं! हे कळायला वेळ लागला. १९२० साली अमेरिकेत गार्नर आणि अॅलार्ड यांनी दाखवलं, की फुलणं दिवसाच्या लांबीवर ठरतं. मग १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी शंकेश्वर हे रोप घेतलं. काटेरी फळं कपड्यांना चिकटवणारं हे तण आपल्याकडेही रस्त्याकडेला माजतं. त्याला साडेआठ तासांच्या आसपास सलग अंधार लागतो, आणि अशी एकच रात्र पुरते. पण त्या रात्रीच्या मध्यावर काही क्षण दिवा लावला, तर फुलोरा रद्द. उलट दिवसा थोडा वेळ अंधार केला, तर रोपाला त्याचं काही नाही.

हा उजेड ओळखतं कोण? पानातलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य. लाल प्रकाश पडला की ते जागं होतं, आणि लाल रंगाच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा अतिलाल प्रकाश पडला की पुन्हा निजतं. १९५२ मध्ये मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल इथल्या संशोधकांनी लेट्यूसच्या बियांवर हे दोन प्रकाश आळीपाळीने टाकले. शेवटचा लाल असेल तर बिया रुजायच्या, अतिलाल असेल तर बहुतेक तशाच पडून राहायच्या. आधी कितीही वेळा टाकले असोत, निकाल शेवटच्या झोताचा. नवरात्रात देवघराच्या अंधारात घटाचं धान पिवळं, लांबसडक वाढतं, त्यातही या रंगद्रव्याचा मोठा हात आहे: उजेड सापडेपर्यंत सगळी शक्ती उंचीवर.

शेपूचा स्वभाव शेवंतीच्या उलट. रात्र आखूड झाली की तो पाला सोडून तुऱ्याकडे वळतो. कोथिंबिरीचंही काहीसं तसंच, तिथे उष्णताही भर घालते. मुंबईत वर्षातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत छोट्या दिवसात जेमतेम सव्वादोन तासांचा फरक. एवढ्यातून ऋतू वाचायचा!

मला सर्वांत थक्क करतं ते वेगळंच. रात्र मोजतात पानं, कळी मात्र येते दूर शेंड्यावर. मधला निरोप कोण नेतं? १९३० च्या दशकात रशियन शास्त्रज्ञ चैलाख्यान यांनी पानातून शेंड्याकडे जाणाऱ्या एखाद्या द्रव्याची कल्पना मांडली आणि त्याला फ्लोरिजेन म्हटलं. ते एक छोटं प्रथिन आहे, याचा भक्कम पुरावा मिळायला २००७ साल उजाडलं. दरम्यान कलमांच्या प्रयोगांनी एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली होती. लांब रात्रीची आणि आखूड रात्रीची अशा उलट स्वभावाच्या दोन तंबाखूंचं कलम केलं, की फुलायची वेळ झालेली एक जात दुसरीलाही तिच्या अवेळी फुलवते. रात्र मोजण्याची रीत उलट, पण शेंड्याला पोचणारा निरोप दोघींनाही कळतो.