झाडांचें बिऱ्हाड

जुना वाडा सोडून नव्या घरीं जाण्याचा प्रसंग हल्लीं घरोघर येतो. देव, भांडीं, पुस्तकें यांची व्यवस्था चार दिवसांत लागते. परसांतील झाडांची आठवण मात्र सामान गाडींत चढूं लागल्यावर कोणाला तरी होते. आमच्याकडे तसेंच झालें. आटपाडीच्या गांवठाणांतील वाडा विकण्याचें ठरलें, गांवाबाहेर नवें घर उभें राहिलें, आणि आत्याबाईंनीं विचारलें, "माझा पारिजातक कोण आणणार?" यजमानांच्या पश्चात् त्या आमच्याकडे राहावयास आल्या, त्या पहिल्या पावसाळ्यांत त्यांनीं तो स्वहस्तें लावला होता.

उत्साहाच्या भरांत आम्हीं आरंभ केला तो लिंबाच्या झाडापासून. मृगाची पहिली सर येतांच भोंवतीं हातभर खणलें, चौघांनीं खोड धरून ओढलें, माती सगळी गळून पडली. नव्या जागीं रोज दोन घागरी पाणी घातलें. आठ दिवसांत पानें वळलीं आणि आषाढ सरण्यापूर्वीं त्याचें सरपण झालें. आत्याबाई कांहीं बोलल्या नाहींत. पण पारिजातकाला कोणीं हात लावूं नये, असें त्यांनीं वहिनींकडून कळविलें.

चूक आमचीच होती. पाणी शोषतात तीं बुंध्याजवळचीं जाड मुळें नव्हेत, तर टोंकाचीं केसासारखीं बारीक मुळें. तीं वरच्या हात-दीड हात मातींत, फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरलेलीं असतात. झाड एकाएकीं खणलें कीं बहुतेक तीं मागेंच राहतात. म्हणून नवीं बारीक मुळें बुंध्याजवळ फुटावींत अशी तजवीज अगोदर करावी लागते, आणि तिला वर्ष लागतें. वाडा घेणाऱ्या गृहस्थांनीं भलेपणानें पुढल्या दसऱ्यापर्यंत मुदत दिली.

वराहमिहिरानें सहाव्या शतकांत 'बृहत्संहितें'त वृक्षायुर्वेदाचा अध्याय लिहिला. थोर खोडाचीं झाडें वर्षाऋतूंत हलवावींत आणि त्यांची मूळची दिशा राखावी, असें त्यांत सांगितलें आहे. मुळांना तूप, मध, दूध, शेण इत्यादिकांचा लेपही सांगितला आहे. तुपाचा भाव पाहतां आम्हीं शेणावर भागविलें! परंतु वर्षाऋतु कोणता, हें ज्याच्या त्याच्या मुलखावर ठरतें. आपला माणदेश पर्जन्यछायेंतला. येथें मृगाचा भरंवसा नाहीं. भरंवशाचा पाऊस उत्तरा-हस्तांत, परतीच्या वाऱ्यावर येतो. टेंभू योजनेचें कृष्णेचें पाणी तालुक्यांत आलें तरी हवेचा कोरडेपणा कांहीं गेला नाहीं. म्हणून आमचा मुहूर्त सप्टेंबरचा.

पारिजातकाचें खोड तीन इंच जाड होतें. जितके इंच जाडी, तितके फूट रुंदीचा मातीचा गोळा, असा सोपा हिशेब धरावा. दसरा झाल्यावर दीड फूट अंतरावर अर्ध्या बाजूनें दीड फूट खोल चर खणला, मुळें धारदार कोयत्यानें कापलीं आणि चर शेणखत व चाळलेल्या मातीनें भरला. उरलेला अर्धा घेर पुढल्या जूनमध्यें कापला. सप्टेंबरांत, उत्तर बाजूला गेरूची खूण करून, आदल्या दिवशीं भरपूर पाणी दिलें, म्हणजे माती धरून राहते. मग गोळा ओल्या गोणपाटांत आवळून फळीवर सरकविला. त्याचें वजन तीनशें किलोंच्या वर भरतें. खोडाला धरून उचलण्याचा मोह येथेंच आवरावा.

नवा खड्डा गोळ्याहून दुप्पट रुंद, पण खोली मात्र गोळ्याएवढीच. अधिक खोल केल्यास झाड खचतें आणि बुंधा कुजतो. पहिल्या हंगामांत रासायनिक खत मुळींच नको. फांद्यांची एक तृतीयांश छाटणी पुरे. अगदीं बोडकें केलें तर मुळांना अन्न कोण पुरविणार? आळ्यावर वाळला पाला पसरला आणि दोन मडकीं पुरून त्यांत पाणी भरलें.

सर्वच झाडें हलवावींत असें मात्र नव्हे. कढीलिंबाचीं मुळांवर फुटलेलीं पोरें आणलीं, मोगऱ्याचें दाबकलम केलें. डाळिंबावर तेल्याचे डाग दिसत होते. तो रोग झाडाबरोबर नव्या परसांत येतो, म्हणून तें तेथेंच सोडलें आणि निरोगी बागेंतून गुटीकलम आणलें. वड-पिंपळाच्या जाड फांदीलाही मुळें फुटतात, त्यामुळें ते हलविणें त्या मानानें साधतें. तरीही आपल्याच सांगली जिल्ह्यांतील भोसे येथील जुनाट वड वांचविण्यासाठीं २०२० सालीं महामार्गाचीच आंखणी बदलण्यांत आली. आम्हांला हें अधिक शहाणपणाचें वाटतें.

आमचा कडुनिंब आजोबांच्याही आधींचा. तो हलविणें अशक्यच होतें. थोरले काका जातांना त्याच्या पारावर बराच वेळ बसले. ताज्या निंबोळ्या आणून कुंपणाकडेला पेरल्या आहेत. त्या शिळ्या झाल्यावर रुजत नाहींत.

यंदा श्रावणांत पारिजातकाच्या एकाच फांदीवर फुलें आलीं. आत्याबाईंनीं मोजून अकरा देवाला वाहिलीं. दुसरा उन्हाळा अजून काढावयाचा आहे. मडकीं भरण्याचें काम धाकट्या मुलांकडे दिलें आहे आणि तीं विसरतात, म्हणून वहिनी रोज संध्याकाळीं झांकण उघडून पाहतात.