दंतरोपण : प्रतीक्षा हाच उपचार

सेलूच्या मोंढ्यात कापसाचा हंगाम आणि लग्नसराई पाठोपाठ येतात. घरात लग्न ठरले, की कपडे, दागिने आणि पाहुण्यांच्या यादीसोबत वडीलधाऱ्यांच्या पडलेल्या दातांचाही विषय निघतो. जबड्यात इम्प्लांटचा स्क्रू बसवून महिना झालेला असतो, दुखणे थांबलेले असते, आणि ‘आता कॅप बसवून टाका’ असा आग्रह डॉक्टरांकडे सुरू होतो. व्यापारी माणसाला मुदत समजते. मुदती हुंडी मुदतीआधी वटत नाही. दंतरोपणाचा व्यवहारही तसाच आहे.

स्क्रू टायटॅनियमचा असतो. स्वीडनमधील संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण सुटेनासे झाल्याचे आढळले. हाड धातूला थेट जुळून आले होते. १९६५ मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. २००६ मध्ये लार्सन यांचे निधन झाले, तेव्हाही त्यांचे दात काम देत होते. ब्रोनेमार्क यांची मूळ शिस्त स्पष्ट होती : खालच्या जबड्यात तीन महिने आणि वरच्या जबड्यात सहा महिने स्क्रूवर भार नको. वरचे हाड अधिक पोकळ असल्याने त्याला अधिक अवधी लागतो.

आज स्क्रूच्या पृष्ठभागात सुधारणा झाल्याने अनेक रुग्णांना दोन ते चार महिने पुरतात. हाड भरावे लागले, तर आणखी काही महिने जातात. मात्र या काळात आत काय घडते, हे समजून घेतले पाहिजे. पहिल्या दिवशी स्क्रू केवळ घट्ट पिळल्यामुळे टिकतो. नंतर त्याभोवतीचे दाबलेले हाड शरीर हळूहळू काढून टाकते आणि तेथे नवे हाड रचते. जुनी पकड सैल झालेली आणि नवी पुरती बसलेली नसते, असा नाजूक काळ साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात येतो. नेमक्या याच वेळी वेदना नसतात, म्हणून रुग्णाला सारे आलबेल वाटते. या काळात चावण्याच्या जोराने स्क्रू मिलिमीटरच्या दहाव्या-पंधराव्या शतांशाहून अधिक हलत राहिला, तर हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होते आणि स्क्रू निकामी होतो.

काही रुग्णांना पहिल्याच दिवशी दात मिळतो, हे खरे. पण त्यासाठी हाड भक्कम आणि स्क्रूची सुरुवातीची पकड पुरेशी लागते. पुढच्या दाताला दिलेली तात्पुरती कॅप बहुधा समोरच्या दाताला टेकणार नाही अशीच घडवतात. तो निर्णय तपासणीवर ठरतो, लग्नाच्या तारखेवर नव्हे.

अनियंत्रित मधुमेह, तंबाखू आणि धूम्रपान यांमुळे हाड जुळण्यात अडथळा येतो. हाडांच्या ठिसूळपणावर औषधे चालू असतील, तर तेही आधीच सांगावे.

जैन कुटुंबांनी आणखी दोन गोष्टी शस्त्रक्रियेपूर्वीच बोलून घ्याव्यात. हाड भरण्यासाठी वापरली जाणारी भुकटी आणि त्यावरील पडदा अनेकदा गाय किंवा डुकराच्या शरीरातून मिळवलेला असतो. कॅल्शियम फॉस्फेटसारखे कृत्रिम पदार्थ किंवा रुग्णाचे स्वतःचे हाड हे पर्याय उपलब्ध आहेत. आपल्यासाठी कोणता योग्य, हे विचारून ठरवावे. दुसरी गोष्ट चौविहाराची. सूर्यास्तानंतर पाणीही वर्ज्य असेल, तर औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून आधीच जुळवून घ्याव्यात. पर्युषणात दीर्घ उपवासाचा संकल्प असेल, तर शस्त्रक्रियेची तारीख त्यापासून दूर ठेवावी.

सेलूहून उपचारासाठी परभणी, जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठणाऱ्यांनी फेऱ्यांचा हिशेबही आरंभीच मांडावा : टाके काढणे, तपासणी, हिरडी आकाराला आणणारी टोपी, माप आणि शेवटी कायमची कॅप. घाईत निकामी झालेला स्क्रू काढावा लागतो, हाड भरून येण्याची वाट पाहावी लागते आणि सारी मुदत पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजावी लागते. वाचवलेल्या दोन महिन्यांचे व्याज असे कधीकधी वर्षभर फेडावे लागते.