सार्वजनिक संगणकाचा वापर

सायबर कॅफे, आपले सरकार सेवा केंद्र अशा ठिकाणी अनेक ग्राहक आळीपाळीने वापरतात, तो सार्वजनिक संगणक होय. जळगाव जिल्ह्यातील पहूरसारख्या (ता. जामनेर) गावांत सातबारा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज किंवा ई-आधार काढण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

यांतील सर्वांत दुर्लक्षित धोका ई-आधारचा आहे. डाउनलोड केलेली पीडीएफ छपाईनंतरही संगणकात राहते. तिला पासवर्ड असतो हे खरे; परंतु तो म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरे (मोठ्या लिपीत) आणि जन्मवर्ष. ओळखीच्या माणसाला तो सहज ताडता येतो. म्हणून फाइल पुसून रिसायकल बिनही रिकामी करावी लागते. केवळ ओळख पटवायची असेल तेथे शेवटचे चारच अंक दाखवणारे 'मास्क्ड आधार' बहुधा पुरते.

ब्राउझरची खिडकी मिटल्याने खाते बंद होत नाही; लॉग आउट करणे आवश्यक असते. इन्कॉग्निटो खिडकीत भेटींचा इतिहास साठत नाही, मात्र डाउनलोड केलेल्या फाइली तशाच राहतात. छपाईसाठी उघडलेले व्हॉट्सअ‍ॅप वेब बंद करण्याचे राहून गेल्यास स्वतःच्या मोबाइलवरील 'लिंक केलेली डिव्हाइस' या भागातून ते तोडता येते.

सायबर कॅफेविषयक २०११ च्या केंद्रीय नियमांनुसार ग्राहकाचे ओळखपत्र पाहणे व नोंदी किमान एक वर्ष जपणे चालकावर बंधनकारक आहे. ओटीपी मात्र ग्राहकाने स्वतःच भरणे इष्ट. खात्यातून पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार करता येते. विलंब झाल्यास रक्कम पुढील खात्यांत वळवली जाते आणि गोठवणे कठीण होते.