नऊ वॉटचा बल्ब नेमका कुठे तयार होतो?

वैजापूरच्या बाजारात विजेच्या सामानाचं कोणतंही दुकान गाठा आणि नऊ वॉटचा एक साधा एलईडी बल्ब हातात घ्या. खोक्यावर कारखान्याचा पत्ता असतो. त्या पत्त्यावर बल्बची जोडणी झाली, हे खरं. पण जे जोडलं गेलं ते कुठून आणि कसं आलं, हे खोकं सांगत नाही. आणि नवलाची गोष्ट तर तिथेच सुरू होते.

बल्ब उघडून पाहू. वरची दुधी टोपी म्हणजे डिफ्युझर. खाली पांढरं प्लास्टिकचं हाउसिंग, त्याच्या आत चिकटून बसलेला ॲल्युमिनियमचा पातळ पेला. पेल्याच्या तोंडावर एक गोल पत्रा, त्यावर पिवळ्या ठिपक्यांचे एलईडी आणि त्यांच्यासोबत दोन-चार बारीक काळ्या वस्तू. तळाला कॅप. आपल्याकडे ही कॅप दोन खुंट्यांची, 22 मिलिमीटर व्यासाची लागते. चीनमध्ये घरोघरी आट्यांची कॅप चालते, तरीही आपल्या खुंट्यांची कॅप तिथे कोट्यवधींनी तयार होते आणि इकडे येते.

आता यातला एकच ठिपका जवळून पाहा. तो 2.8 बाय 3.5 मिलिमीटरचा असतो, मसुराच्या दाण्यापेक्षाही लहान. असे चार-चार हजार ठिपके पट्टीवर ओळीने बसवून एका रिळाला गुंडाळलेले येतात. ते रीळ वीतभरही रुंद नसतं. एका बल्बला नऊ ठिपके धरले, तर एका रिळात सुमारे 440 बल्बांचा उजेड मावतो. तेवढेच तयार बल्ब खोक्यांसकट रचले, तर दोनशे लिटरचं पिंप भरून जाईल. बल्ब मुळात पोकळ असतो. तयार बल्ब जहाजात भरणारा व्यापारी बहुतांशी हवेचं भाडं भरत असतो. सुटे भाग मागवायचं पहिलं कारण इतकं साधं आहे.

दुसरं कारण सीमाशुल्काचं. 2018च्या अर्थसंकल्पाने तयार दिवे आणि दिव्यांच्या फिटिंगवरचा कर 10 वरून 20 टक्के केला. सुट्या भागांवरचा कर मात्र तेव्हा कमी होता. 2021मध्ये तो 5 वरून 10 टक्के झाला, तरी अंतर राहिलंच. देशात जोडणी करणाऱ्याला फायदा व्हावा, असा त्यामागचा हिशेब. मग कुणाच्याही मनात येईल, अख्खा बल्ब सुटा करून एकाच खोक्यात आणला तर? कायद्याने ही वाट आधीच बुजवली आहे. सीमाशुल्क दराच्या 1975च्या कायद्यात वर्गीकरणाचे जे नियम आहेत, त्यातला दुसरा नियम म्हणतो की, एखादी वस्तू सुटी करून आणली तरी ती तयार वस्तूच धरायची. म्हणजे भाग खरोखरच भाग म्हणून यायला हवेत आणि काहीतरी इथलं असायला हवं. मला हा नियम फार आवडतो. ‘जोडणे’ आणि ‘बनवणे’ यांच्यामधली रेघ कुठे ओढायची, या अवघड प्रश्नाला त्यात दोन-चार ओळींत हात घातला आहे.

ती रेघ खरंच कुठे आहे, हे जोडणीच्या टेबलाशी उभं राहिलं की कळतं. पत्र्याच्या पाठीला उष्णता वाहून नेणारी पांढरी पेस्ट लावतात आणि पत्रा पेल्यात दाबून बसवतात. हे काम दिसायला सगळ्यात सोपं, पण बल्बचं आयुष्य इथेच ठरतं. आत गेलेल्या विजेपैकी निम्म्याहून जास्त भागाची उष्णताच होते. ती उष्णता पत्र्यातून पेल्यात, पेल्यातून हाउसिंगमध्ये आणि तिथून हवेत जायला हवी. पेस्टमध्ये एखादा बुडबुडा राहिला किंवा पत्रा एका कडेने उचललेला राहिला, तर तिथला ठिपका तापतो, करपतो आणि महिन्या-दोन महिन्यांत बल्ब जातो. मग वायरी कॅपमध्ये ओवायच्या, पंचिंग मशीनने कॅपला चहूबाजूंनी खड्डे पाडून ती हाउसिंगवर घट्ट करायची, तळाच्या दोन ठिकाणी सोल्डर करायचं, डिफ्युझर दाबून बसवायचा. शेवटी एजिंग: शेकडो बल्ब फळीवर लावून काही तास पेटते ठेवायचे. ज्याचं काही कच्चं राहिलंय तो बहुधा इथेच विझतो आणि गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचत नाही.

या साऱ्या कामाला एक खोली, काही यंत्रं आणि सरावलेले हात पुरतात. मुंबईच्या लोहार चाळीतून किंवा दिल्लीच्या भगीरथ पॅलेसमधून माल उचलून असे उद्योग देशभर उभे राहिले आहेत. 5 जानेवारी 2015ला सुरू झालेल्या उजाला योजनेने त्यांना बाजार मोकळा करून दिला. सरकारी खरेदीत 2014मध्ये 310 रुपयांना पडणारा एलईडी बल्ब 2016पर्यंत 38 रुपयांवर आला.

मग अवघड काय आहे? तो ठिपका. पिवळं दिसतं ते वरचं लुकण. त्याच्याखाली निळा उजेड देणारी चिप असते, मिलिमीटरभराचीही नसते. कृत्रिम नीलमण्याच्या चकतीवर, सुमारे 1000 अंश सेल्सिअसला, वायूंमधून गॅलियम नायट्राइडचे थर एकावर एक चढवत ती वाढवतात. प्रत्यक्ष उजेड जिथे जन्मतो, तो इंडियम मिसळलेला थर दोन-तीन नॅनोमीटर जाड असतो, जेमतेम दहाएक अणुथरांचा. त्यातून निघालेला निळा उजेड पिवळ्या लुकणात थोडा अडतो, थोडा आरपार जातो. अडलेला पिवळा होऊन बाहेर पडतो, आणि निळा-पिवळा मिळून आपल्या डोळ्यांना पांढरा दिसतो. लाल एलईडी 1962मध्येच झाला होता. लख्ख निळ्यासाठी जगाला आणखी तीस वर्षं थांबावं लागलं. नागोयात इसामु आकासाकी आणि हिरोशी आमानो, तोकुशिमातल्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा, या तिघांनी तो साधला आणि 2014चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. तीस-चाळीस वर्षांच्या त्या तपश्चर्येचं फळ आज एका रिळावर हजारोंनी गुंडाळून येतं आणि आपण ते स्वयंपाकघरात टांगतो!

2021मध्ये केंद्र सरकारने एसी आणि एलईडी दिव्यांसाठी 6,238 कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आणली, तेव्हा नुसत्या जोडणीला त्यातून पैसे मिळणार नाहीत अशी अट घातली. भाग इथे बनवा, असं सांगितलं. ही अट बरोबर आहे असं मी म्हणेन. पण त्यावरून जोडणीला कमी लेखायचं कारण नाही. दिव्यांच्या बाबतीत आपण नेहमी असेच पायरी-पायरीने आत शिरलो आहोत. फिलिप्स 1930मध्ये कलकत्त्यात आली ती बाहेरून आणलेले बल्ब विकायला. तिथला बल्बचा कारखाना 1938चा. आपल्या कराडजवळ ओगलेवाडीला 1916मध्ये ओगले काच कारखाना निघाला. कंदिलाचा सगळ्यात नाजूक, वारंवार फुटणारा भाग काचेचा असतो. ओगल्यांनी आधी काच साधली, मग पुढे अख्खा प्रभाकर कंदील घडवला आणि तो महाराष्ट्रभर पोहोचला. एका भागावर हात बसला की पुढच्या भागाची वाट दिसते.

जोडणी गावात असण्याचा खरा फायदा मला निराळाच वाटतो. 2014मध्ये मुंबईच्या आयआयटीने प्राध्यापक चेतनसिंह सोळंकी यांच्या पुढाकाराने शाळकरी मुलांसाठी सौरदिव्यांचा ‘मिलियन सोल’ उपक्रम सुरू केला. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान आणि ओडिशात मिळून सुमारे 10 लाख दिवे गेले, मुलांना ते 120 रुपयांना मिळाले. हे दिवे कारखान्यातून तयार होऊन आले नाहीत. भाग तालुक्याला पोहोचवले, तिथल्याच माणसांना शिकवलं, त्यांनी दिवे जोडले, वाटले आणि बिघडले तर दुरुस्तही केले. ज्या हातांनी दिवा जोडला, त्यांना तो उघडताही येत होता. रॉकेलच्या चिमणीवर अभ्यास करणाऱ्या मुलाचा दिवा बंद पडला, तर ही गोष्ट स्वस्त किमतीइतकीच मोलाची ठरते.

वैजापूरला याची सोय वाईट नाही. रोटेगाव स्टेशन शेजारी, समृद्धी महामार्गावर जांबरगावचा इंटरचेंज तालुक्यातच. 5 जून 2025ला या महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, तेव्हापासून मुंबईच्या बंदरांकडून येणारा माल याच वाटेने थेट दारात येऊ शकतो. आयटीआय झालेल्या मुलांना आणि बचत गटांना हे काम शिकता येण्याजोगं आहे. फक्त भारतीय मानक ब्युरोची नोंदणी आधी करावी लागते. एलईडी बल्बसाठी आयएस 16102 हे मानक सक्तीचं आहे, आणि त्यातली विजेच्या सुरक्षेची चाचणी टाळून विकलेला बल्ब घरात लावू नये.

तुमच्याकडून एकच अपेक्षा. घरातला एलईडी बल्ब गेला तर लगेच कचऱ्यात टाकू नका. पत्र्यावरचे ठिपके एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे एक करपला तरी सगळे विझतात; करपलेल्या ठिपक्यावर बहुधा काळा डाग दिसतो. बल्ब उघडून पत्रा बदलून देणारा कारागीर आपल्या भागात असेल, तर त्याच्याकडे न्या. स्वतः मात्र होल्डरमध्ये लावलेल्या बल्बची टोपी काढू नका. या स्वस्त बल्बांत पत्र्यावरच्या सोल्डरमधून थेट घरातली वीज वाहते आणि तिथला दाब 325 व्होल्टपर्यंत चढतो.