प्रतिजैविकांची चाळण

पेशींमध्ये नवे जनुक घालण्याची क्रिया बेभरवशाची असते. लाखो जीवाणूंपैकी मोजकेच ते स्वीकारतात आणि बाह्यतः सारे सारखेच दिसतात, म्हणून इष्ट जनुकाला प्रतिजैविकरोधक जनुकाची, म्हणजे औषधाला निष्प्रभ करणाऱ्या जनुकाची, जोड देऊन सर्वांना त्या औषधाने युक्त माध्यमावर वाढवतात; जनुक न स्वीकारलेले मरतात आणि स्वीकारलेले तेवढे उरतात. १९७३ मध्ये स्टॅन्ली कोहेन व हर्बर्ट बॉयर यांनी टेट्रासायक्लिन आणि कॅनामायसिन या दोहोंना पुरून उरणारे ई. कोलाय जीवाणू असेच निवडले.

ही चाळण निर्दोष मात्र नाही. अँपिसिलिन वापरल्यास रोधक जीवाणूंकडून बाहेर पडणारे बीटा-लॅक्टमेज हे विकर भोवतालचे औषध नष्ट करते आणि त्या आडोशाला जनुकविरहित 'उपग्रह' वसाहती फोफावतात, त्यामुळे ताटली फार काळ उबवणे हा निव्वळ निष्काळजीपणा ठरतो. सस्तन प्राण्यांच्या पेशींना अँपिसिलिनचे लक्ष्य असलेली पेशीभित्तिकाच नसल्याने तेथे प्रथिननिर्मिती रोखणारे जी-४१८ वापरतात, ज्याची मारक मात्रा प्रत्येक पेशीप्रकारासाठी आधी ठरवावी लागते. भारतात २००२ मध्ये मान्यता मिळालेल्या बीटी कापसातही कॅनामायसिनरोधक जनुक होते.