नातवाचा जंतू

विज्ञानकथेसाठी साखर खाणारा जंतू कल्पिण्याचा घाट माझ्या नातवाने घातला, तेव्हा मी त्याला प्रथम आपल्या चलथाणच्या साखर कारखान्याची आठवण दिली. तोडलेला ऊस उन्हात रखडला की छेदातून ल्युकोनोस्टॉक हा जंतू शिरतो. हे नाव १८७८ साली व्हान टिगेम यांनी दिले. त्याचे विकर साखरेच्या रेणूचे दोन तुकडे करते. फ्रुक्टोज तो खातो आणि ग्लुकोजची साखळी गुंफून स्वतःभोवती डेक्स्ट्रान हा बुळबुळीत पदार्थ रचतो. रस चिकट होतो, गाळण मंदावते, स्फटिकही लांबट येतात. शेतकऱ्याची साखर जाते ती अशी. (इडलीचे पीठ फुगविण्यातही हाच पुढे!)

वैद्यक व्यवसायातील वाचकांना डेक्स्ट्रान परके नाही. १९४० च्या दशकात स्वीडनमध्ये ते रक्तद्रवाला पर्याय म्हणून पुढे आले. रक्तस्रावाच्या कित्येक रुग्णांना आम्ही ते शिरेतून दिले आहे.

नातवाचा जंतू मात्र नुसताच खात होता. ‘‘खाऊन मागे काय टाकतो?’’ मी विचारले.

‘‘आजोबा, काहीच नाही.’’

पुढच्या मसुद्यात तो जंतू स्वतःच्याच आम्लात गुदमरू लागला. तो मला पटला.