ठिपके पक्ष्याचे की कॅमेऱ्याचे?

मेळघाटच्या सागवानी जंगलात रानपिंगळ्याचे छायाचित्र टिपणाऱ्याची खरी कसोटी घरी, संगणकापुढे लागते. १८७३ साली शास्त्रीय नोंद झालेला हा पक्षी १८८४ नंतर दिसेनासा झाला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. पुढे अमरावती जिल्ह्यातील मेळघाटातही तो आढळला. गावोगावी दिसणाऱ्या साध्या पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, रानपिंगळ्याचा माथा मात्र जवळजवळ कोरा. पहाटेच्या अंधुक उजेडात घेतलेल्या चित्रातील दाणे पुसणारे सॉफ्टवेअर हे ठिपकेही दाणे समजून पुसते आणि साधा पिंगळा दुर्मिळ होऊन बसतो!

हे दाणे, म्हणजेच 'नॉईज', येतात कोठून? प्रकाश कणाकणाने येतो. उजेड कमी असला की संवेदकाच्या शेजारशेजारच्या बिंदूंवर पडणाऱ्या कणांची संख्या सारखी राहत नाही, आणि चित्र खरखरीत दिसते. आयएसओ वाढविल्याने प्रकाश वाढत नाही. आहे तेवढाच संकेत, त्यातील दोषांसह, मोठा होतो. म्हणून शक्य तेथे छिद्र मोठे ठेवावे, कॅमेरा तिपाईवर ठेवून शटर अधिक वेळ उघडे ठेवावे. पक्षी स्थिर बसला तरच हे साधते, ही अडचण आहेच.

उष्णतेमुळेही दाणे वाढतात. अकोल्यात मे महिन्यात पारा अनेकदा ४५ अंशांपलीकडे जातो. दिवसभर तापलेल्या गाडीतील कॅमेरा रात्री ताऱ्यांसाठी मिनिटभर उघडा ठेवला, तर चित्रात लाल-निळे टिंब उमटतात. त्यावर कॅमेऱ्यातच उपाय असतो: तेवढाच वेळ पडदा बंद ठेवून दुसरे, काळे चित्र घेतले जाते व त्यातील टिंब मूळ चित्रातून वजा होतात. वेळ मात्र दुप्पट लागतो.

स्थिर विषयाला याहून चांगली युक्ती आहे. अकोट तालुक्यातील नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा संध्याकाळी टिपायचा असल्यास तिपाईवरून एकसारखी चार चित्रे घेऊन त्यांची सरासरी काढावी. दाणे निम्म्यावर येतात आणि कोरीव लेखांतील बारकावे शाबूत राहतात. सोळा चित्रे घेतल्यास ते पाव होतात.

याच दरवाजावर भिंगाचे दोषही उघडे पडतात. रुंद कोनाच्या भिंगातून सरळ कडा पिंपासारख्या फुगतात, कोपरे काळवंडतात, आकाशाला लागून असलेल्या दगडाच्या काठावर जांभळी किनार येते. छिद्र एफ ८ च्या आसपास लहान केल्यास कोपरे बरेच सुधारतात. फुगवटा मात्र त्याने जात नाही. तो त्या भिंगाच्या तयार नोंदीवरून संगणकात सरळ करावा लागतो व काठाचा थोडा भाग कापला जातो. (दरवाजा वर निमुळता दिसणे हा भिंगाचा दोष नव्हे. कॅमेरा वर कलल्याचा तो परिणाम.)

दुरुस्तीची किंमतही ध्यानात असावी. कोपऱ्यात प्रकाश निम्माच पोहोचला असेल तर सॉफ्टवेअर तो दुप्पट करते, आणि त्याबरोबर तेथील दाणेही. म्हणूनच पक्ष्याची नोंद पाठविताना सजविलेल्या चित्राबरोबर कॅमेऱ्यातील मूळ 'रॉ' फाईलही द्यावी. माथ्यावरचे ठिपके तपासायचे झाल्यास तीच उपयोगी पडते.